'स्टेजवर पाय न ठेवलेल्यांनी…': एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

नाटकाची संहिता प्रयोगाआधी सरकारी मंडळाकडून, म्हणजे सेन्सॉरकडून, तपासून घ्यायची पद्धत बंद करा, असं मी लेखात लिहिलं. त्यावर तुमची लांबलचक प्रतिक्रिया वाचली. आधी चूक कबूल करतो. तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' हे नाटक १९७४चं नव्हे, १९७२चं. लेखात दुरुस्त केलंय, आभार.

आता तुमचं ते वाक्य: 'ज्यांनी कधी स्टेजवर पाय ठेवला नाही त्यांनी सेन्सॉरवर अक्कल पाजळू नये.' मुद्दा राहू द्या, ही बोलायची रीत झाली? ओळख ना पाळख! अहो, सव्वीस वर्षं हौशी रंगभूमीवर काढलीत मी. प्रॉम्प्टिंग केलंय, लेव्हल्स (स्टेजवरचे लाकडी चौथरे) उचलल्यात, ऐन प्रयोगात अडकलेला पडदा हाताने ओढलाय. आमच्या एका एकांकिकेची संहिता तपासून परत आली तेव्हा 'रांडेच्या' हा शब्द लाल शाईने खोडलेला, शेजारी सुवाच्य अक्षरात 'मूर्खा'. दारू पिऊन आलेला बाप पोराला लाथ घालतो आणि ओरडतो, 'मूर्खा!' अख्खं थिएटर हसलं. पोराचं काम करणारा विंगेत येऊन रडला. तो मीच.

आणि स्टेजवर उभं राहिलेल्यांचंच ऐकायचं असेल तर ऐका की! तेंडुलकरांच्याच 'गिधाडे' नाटकातला साडीवरचा लाल डाग सेन्सॉरला खुपला, तेव्हा दिग्दर्शक डॉ. श्रीराम लागूंनी तो निळा केला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगून टाकलं की हा लालच समजा. याच तपासणीविरुद्ध २०१६मध्ये अमोल पालेकर मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्यांनीही स्टेज पाहिलं नसेल बहुधा.

राहिलं तुमचं भावना, दंगली, लहान मुलं वगैरे. घटनेच्या १९(२) कलमात सुव्यवस्था आणि सभ्यतेसाठी निर्बंध आहेतच, ते काढा असं मी कुठे म्हटलंय? नाटकाने कायदा मोडला तर खटला भरा. पण पडदा उघडायच्या आधीच लेखकाच्या वहीत लाल पेन घालणारे हे कोण? 'सिनेमाला प्रमाणपत्र चालतं, मग नाटकाला का नको' यावर कधीतरी सवडीने लिहीन. इथे त्याचा काही संबंध नाही.

तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही, याची नोंद घ्यावी. शेवटच्या शब्दावर तेवढ्या फुल्या मारल्यात. इथे बायकामुलंही वाचतात.