सिमेंटच्या डब्याने होडी थांबत नाही

बडोद्यातल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांत सध्या एक संदेश फिरतोय. चांदोदला नर्मदेत स्वतःची लहान होडी घेऊन जाणाऱ्या दोघातिघांनी तो मनावरही घेतलाय. संदेश असा: “लहान होडीला विकतचा नांगर कशाला? रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट भरा, कडी बसवा. दोर पाण्याच्या खोलीपेक्षा हातभर जास्त असला की पुरे. साखळी म्हणजे फुकटचा खर्च. इंजिनापाशी बसूनच मागून सोडा. तळाला लागला की निवांत डबा उघडून जेवायला बसा.”

१८ जानेवारी २०२४ ला बडोद्यातल्याच हरणीच्या तलावात होडी उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. तिथे प्रश्न नांगराचा नव्हता. पण तेव्हापासून पाण्याच्या बाबतीत “एवढ्याने काय होतंय” असं काही वाचलं की मला गप्प बसवत नाही.

आधी तो डबा. शेतातल्या आणि होडीच्या अवजाराला आपण एकच शब्द वापरतो, आणि कामही एकाच तऱ्हेने चालतं: फाळ जमिनीत घुसतो, ओढाल तसा आणखी रुततो. केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ जेफ्री टेलर यांना शिडाच्या होडीचा नाद होता. त्यांनी १९३३ मध्ये जो नांगर तयार केला, त्याचा आकार शेतातल्या फाळासारखाच आहे. डबा मात्र तळावर नुसता बसतो. त्यात पाण्यात वजन घटतं. २० किलोचं काँक्रीट पाण्याखाली जेमतेम १२ किलो भरतं. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की होडीवरचा जोर चौपट होतो. पहिल्या वर्षी मीही डबाच वापरला होता. दुपारी वारा सुटला, डबा वाळूवरून घसरत गेला आणि आमच्या लक्षात येईपर्यंत होडी जागा सोडून बरीच दूर गेली होती. बरोबर माझी दोन्ही मुलं होती.

आता आमच्याकडे दोन पसरट फाळांचा डॅनफर्थ जातीचा नांगर आहे. वजन ४ किलो. वाळूत आणि चिखलात तो छान धरतो. खडकाळ तळावर त्याचा भरवसा नाही, तिथे चार आकड्यांचा घडीचा नांगर बरा. दाट पाणगवतात दोन्ही फसतात, जागाच बदलावी.

दोराचा सल्ला तर डब्याहून वाईट. दोर खोलीएवढाच असेल तर होडीच्या प्रत्येक हेलकाव्यासरशी नांगर वर उचलला जातो. ओढ आडवी लागली तरच फाळ आत जातो, आणि ओढ आडवी व्हायला दोर लांब लागतो. खोलीच्या तिप्पट दोर सोडला तर तो तळाशी साधारण २० अंशांचा कोन करतो, सातपट सोडला तर ८ अंशांचा. शांत हवेत पाचपट, वारा असेल तर सातपट धरावा. खोली मोजताना नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंचीही मिळवायची. पाणी ४ मीटर आणि नाळ अर्धा मीटर वर असेल तर सातपटीने ३१ मीटरहून जास्त दोर झाला. भरूचच्या बाजूला जाणार असाल तर भरतीला पाणी किती चढेल तेही आधीच धरा. चांदोदला भरती नाही, पण वरच्या धरणातून पाणी सोडलं की पातळी चढते.

साखळी फुकटची नाही. दोन-तीन मीटर साखळी दोराचं खालचं टोक तळाशी दाबून धरते आणि दगडावर घासून दोर तुटू देत नाही. दोर नायलॉनचा घ्या, तो ताणला जातो आणि झटका गिळतो. स्वस्त प्लास्टिकचा दोर तरंगतो आणि पंख्यात अडकतो.

मागून नांगर टाकणं मात्र जिवावर बेतू शकतं. होडीची मागची कड आधीच बुटकी असते, त्यात इंजिनाचं वजन आणि तिथेच बसलेली माणसं. प्रवाहात तिथून नांगर धरला की मागचा भाग खाली ओढला जातो आणि पाणी आत येतं. दोर नाळेलाच बांधायचा, कितीही सरकत पुढे जावं लागलं तरी. त्याचं आतलं टोक होडीला पक्कं बांधलंय ना, हे नांगर हातात घेण्याआधी पाहायचं. मग नांगर भिरकावायचा नाही, हळू सोडायचा, होडी मागे जाऊ द्यायची आणि शेवटी दोराला ताण देऊन पाहायचा.

राहिला जेवणाचा डबा. तो उघडण्याआधी काठावरच्या दोन ठरलेल्या खुणा एका रेषेत पकडा: घाटाचा एखादा खांब आणि त्याच्या मागचं झाड. दुसऱ्या दिशेलाही अशीच एक जोडी धरा. होडी नांगराभोवती थोडी झुलणारच. पण खुणा एकाच बाजूला सरकत राहिल्या तर नांगर सुटला आहे; जेवण बाजूला ठेवा, इंजिन सुरू करा.