मावळे टोपलीनं, खलाशी एक नाही

तलवार उगारलेला मावळा पाहिजे? घ्या. भाल्याचा? घ्या. तुतारीवाला, मशालवाला, गुडघा टेकून बंदूक रोखलेला, घोड्यावरचा, सगळे घ्या. दिवाळी तोंडावर आली की महाद्वार रोडला टोपल्या भरभरून मांडलेल्या असतात. गवळण आहे, भाजीवाली आहे, विहिरीवर पाणी ओढणारी बाई आहे. किल्ल्यावर त्याचं काय काम देव जाणे, पण वाघसुद्धा आहे. खलाशी नाही. अख्ख्या कोल्हापुरात दोर ओढणारा एक माणूस मिळेना मला!

मी गुराब, म्हणजे शिडाचं लढाऊ जहाज, बांधतोय. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारात असायची तशी, दोन डोलकाठ्यांची, १:२४ प्रमाणात, रेडिओवर चालणारी. चालणारी म्हणजे शिडावर. आत मोटर नाही, पंखा नाही. एक सर्व्हो (रेडिओच्या इशाऱ्यावर फिरणारं छोटं यंत्र) सुकाणू फिरवतो, दुसरा विंच शिडांचे दोर ओढतो नि सोडतो, बाकीचं वाऱ्यानं बघायचं. (“मोटर का नाही बसवली?” असं रंकाळ्याच्या काठावर भेळ खात विचारणाऱ्यांना मी हल्ली उत्तर देत नाही.)

जहाजाचं काम अवघड असेल असं लोकांना वाटतं. खोटं. ते निस्तरतं. सागवानी पट्ट्या वखारीत मिळाल्या, इपॉक्सी मिळालं, तळाखाली लावायचं शिसं उद्यमनगरात ओतून मिळालं, तेही चहा संपायच्या आत. इंजिनाचे सुटे भाग ओतणाऱ्या माणसाला माझा साचा म्हणजे किस झाड की पत्ती. पुढची लांब निमुळती नाळ, तिच्यामागे आडव्या भिंतीतून समोर तोंड केलेल्या दोन तोफा, सगळं जमलं. अडलंय ते माणसांवर.

आता कुणीतरी म्हणणार, माणसं कशाला पाहिजेत? घरात पण हेच, ऑफिसात पण हेच. अरे बाबांनो, पाण्यावर सव्वा मीटरचं जहाज एकटं सोडलं तर ते सव्वा मीटरचंच दिसतं. डेकवर सात सेंटिमीटरचा माणूस उभा केला की डोळा फसतो आणि तेच जहाज तीस मीटरचं होतं. शिवाय रिकामी गुराब शिडं फिरवत वळण घेते तेव्हा ती भुताटकी वाटते. कोण ओढतंय ते दोर? सुकाण्यावर कोण आहे?

तर शोधायला लागलो. ऑनलाइन बघितलं तर सापडले डोळ्यावर पट्टी बांधलेले, खांद्यावर पोपट बसवलेले समुद्री चाचे. किंवा लाल कोटातले गोरे. इंग्रजांनी कान्होजींना आयुष्यभर चाचे म्हणून हिणवलं, ते १७२९ साली गेले, आणि आज मी त्यांच्या गुराबीवर पोपटवाला चाचा उभा करू? त्यापेक्षा वाघ बरा. नुसती चेहरेपट्टी बघायला म्हणून एक पाकीट मागवावं म्हटलं, तर खेळणी! कस्टमच्या दरपत्रकात खेळणी आणि प्रमाणात केलेली मॉडेलं एकाच ९५०३ क्रमांकाखाली येतात. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये वीस टक्क्यांवरून साठ झालं, २०२३ मध्ये सत्तर. का, तर देशी खेळणी बनवणाऱ्याला संरक्षण. चांगलंय की! मग बनव ना बाबा खलाशी! तुला कुणी अडवलंय? सत्तर टक्क्यांच्या भिंतीआड बसून तू परत तोच पट्टीवाला चाचा प्लॅस्टिकात काढतोस.

मग गेलो कुंभार गल्लीत. आपण कलापूर म्हणवून घेतो, आणि खरंच तिथल्या माणसांच्या बोटांत जादू आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मामा म्हणाले, “शाडूचा झकास करून देतो, फकस्त पाण्यात घालू नका.” अहो मामा, जहाजावरचा माणूस पाण्यात न्यायचा नाही तर काय देव्हाऱ्यात बसवायचा? तरी एक करून बघितला त्यांनी. हात सवयीनं गेला आणि माझ्या तांडेलाला, म्हणजे खलाशांच्या म्होरक्याला, पोट आलं गणपतीचं.

बरं, मग धातूचा ओतून घ्या, असा सल्ला देणारे आले. त्यांना गणित सांगून सांगून माझा घसा बसला. दोन डोलकाठ्यांच्या गुराबा साधारण दीडशे टनांच्या आतल्या असायच्या. लांबी, रुंदी, उंची तिन्ही चोविसावा भाग, म्हणून चोविसाचा घन काढा, १३,८२४. दीडशे टनांना त्यानं भागा, माझ्या जहाजाचे अकरा किलोसुद्धा होत नाहीत. सात सेंटिमीटरचा माणूस धातूत ओतला तर पस्तीस-चाळीस ग्रॅमचा. असे वीस उभे केले की पाऊण किलो, आणि तेही डेकवर, पाण्याच्या वर! वारा काही जहाजाबरोबर १:२४ लहान होत नाही. रंकाळ्यावर ताशी अठरा किलोमीटरचा वारा सुटला, आपल्याला नुसतं बरं वाटतं, पण १:२४ च्या जहाजाला तो जवळजवळ ताशी नव्वदचा. म्हणून तर तळाखाली शिसं टांगलंय. वर पाऊण किलो चढवून ते शिसं फुकट घालवू? रेझिनचा माणूस पाच-सहा ग्रॅममध्ये बसतो. रेझिनच पाहिजे.

रेझिन म्हणजे थ्रीडी प्रिंटवाला. तरुण पोरगा, हुशार, मशीन नवंकोरं. त्याला मी सगळं कागदावर काढून दिलं. उघडं अंग, लंगोटी, डोक्याला मुंडासं. दोर ओढणाऱ्याच्या मुठीत आरपार भोक, कारण विंच फिरला की दोर हलणार, तो मुठीतून सरकला पाहिजे, नाहीतर अडकून शीड अर्ध्यावर लटकेल. सुकाण्यावरच्याचे हात खांद्यातून सुटे, म्हणजे सुकाणू वळलं की तो पण वळतो. कुणाचीच उंची मागच्या परबाणाला, म्हणजे शीड बांधलेल्या वाशाला, लागेल अशी नको, ते डेकवरून झाडून जातं. पोरगं “हो सर, हो सर” म्हणालं. आणि काय दिलं? मावळा. कमरेला शेला, पाठीला ढाल. दोन्ही पाय फाकलेले! म्हटलं हे काय? “सर, घोडेस्वाराची फाईल तयारच होती, घोडा डिलीट केला.”

घोडा डिलीट केला. माझी गुराब मालवणच्या दर्यात, आणि तिच्यावर वीस माणसं नसलेल्या घोड्यावर बसलेली!

मला राग त्या पोराचा नाही खरं तर. त्याला फाईल मिळाली तीच मिळणार. २ सप्टेंबर २०२२ ला नौदलाचा नवा ध्वज आला, त्यावर महाराजांच्या मुद्रेवरून घेतलेला अष्टकोन, गावभर स्टेटस. ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिन सिंधुदुर्गात, पुन्हा स्टेटस. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले गेले, त्यांत आपला पन्हाळा, आणि चार तर समुद्राचे. ढोल वाजले, डिजे वाजला. मंडळाच्या देखाव्यात थर्माकोलची गलबतं झाली, आणि ती पण रिकामी! आरमार म्हणजे काय नुसती लाकडं होती? ती वल्हवली कुणी? गलबताला चाळीस-पन्नास वल्ही असायची, प्रत्येक वल्ह्यामागे कोळी, भंडारी, गाबीत असा कुणीतरी बसलेला. आणि कोल्हापूरकरांनी तर हे बोलूच नये. मालवणचं आरमार आपल्याच गादीचं होतं. इंग्रज वैतागले म्हणून तर १७६५ ला सिंधुदुर्ग घेऊन त्याला फोर्ट ऑगस्टस नाव ठेवून बसले होते, आणि १८१२ च्या तहात त्यांनी मालवण कायमचंच काढून घेतलं. ज्यांच्या जिवावर हे चाललं, त्यांच्यातला एक जण दिवाळीच्या टोपलीत नाही. परातीत पाणी घालून सिंधुदुर्ग करणारी पोरंसुद्धा तटावर मावळे लावतात आणि कागदाच्या होड्या मोकळ्या सोडतात. त्यांनी तरी काय करायचं, बाजारात नाहीतच!

“ढाल घासून काढतो की सर,” असा काल मेसेज आलाय. नको.

कुणाला जमत असेल तर ऐका. एक तांडेल, एक सुकाण्यावरचा, तोफांवरचे चार गोलंदाज, बाकी दोर ओढणारे. सात सेंटिमीटर, एकेक सहा ग्रॅमच्या आत, मुठीत भोक, पोट सपाट. ढाल नको, पोपट नको, पाय सरळ. पैसे रोख.