हम्पी हरली की दिव्या जिंकली?

नमस्कार. दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, त्यावर मी लेख लिहिला होता. त्याला उत्तर म्हणून ‘दिव्या जिंकली नाही, हम्पी हरली. घड्याळाच्या धाकात झालेल्या चुकीला पराक्रम म्हणू नका. त्यात निकाल रॅपिडवर (कमी वेळेच्या डावांवर) लागला आणि ग्रँडमास्टरकी (बुद्धिबळातला सर्वोच्च किताब) मागच्या दाराने मिळाली,’ असं तुम्ही लिहिलंत.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. डाव स्वच्छ नव्हता. माझ्या लेखात ‘निर्दोष’ हा शब्द गेला होता, तो काढून टाकलाय. एंडगेम (डावाचा शेवटचा टप्पा) मधेच बिघडवला, अजून शिकायला हवं, असं जिंकल्यावर खुद्द दिव्याच सांगत होती. मग मी कशाला झाकू?

पण रॅपिडचा मुद्दा तुमच्यावरच उलटतो. जॉर्जियातल्या बाटुमीत विश्वचषकाच्या अंतिम लढतीतले दोन्ही क्लासिकल (जास्त वेळेचे) डाव बरोबरीत सुटले आणि 28 जुलै 2025 ला निकालासाठी रॅपिड डावांचा टायब्रेकर झाला. समोर कोण? 2019 आणि 2024 ची जागतिक रॅपिड विजेती! झुकतं माप असलंच तर ते हम्पीकडे होतं. रेटिंग, म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा आकडा, बघा: हम्पी 2543, दिव्या 2463. 80 चा फरक म्हणजे एलो या रेटिंग पद्धतीच्या हिशेबाने दहा डावांत दिव्याकडून साधारण चार गुणांची अपेक्षा. तेव्हा मीही याला चमत्कार म्हणत नाही.

आता घड्याळ. निर्णायक ठरलेल्या दुसऱ्या रॅपिड डावात दिव्याकडे काळी मोहरी होती. वेळ 15 मिनिटं, शिवाय दर चालीला 10 सेकंद. परवा मी तो एंडगेम घरी पटावर मांडला, मोबाइलवर दहा-दहा सेकंद लावले आणि मुलीला समोर बसवलं. चौथ्या चालीला माझा हत्ती फुकट गेला. शेजारी चहा निवत होता, हरलो तरी काही बिघडणार नव्हतं, तरी हात थरथरला. तुम्ही-आम्ही कोण वरचढ आहे ते दाखवणारी संगणक इंजिनाची पट्टी बघत ‘काय ही चूक!’ म्हणतो, त्या दोघींपुढे पट्टी नव्हती. वेळ संपत आलेल्या माणसाला बरोबरी न देता पुढची अडचण घालत राहणं, हे मी तरी खेळातच धरतो. उपांत्य फेरीत माजी विश्वविजेती तान झोंगयीला तिने 101 चालींपर्यंत असंच बसवून ठेवलं होतं.

राहिलं मागचं दार. तिच्याकडे एकही ग्रँडमास्टर नॉर्म (किताबासाठी एखाद्या स्पर्धेत करावी लागणारी ठरावीक कामगिरी) नव्हता, खरंय. पण विश्वचषक जिंकणारीला किताब थेट मिळतो, हा फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेचा नियम आहे, नागपूरच्या दिव्यासाठी केलेली सवलत नाही. हम्पीला त्याची गरजच नव्हती. ती 2002 मध्ये ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्या जन्मायचीच होती.