सेलचं घड्याळ म्हणून हिणवण्याआधी तबकडी उजेडात धरा

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय: 'जुनं जपानी क्वार्ट्झ घड्याळ घेऊ नका. ते स्वस्तात काढलेलं सेलचं मशीन. डिझाइन स्विस घड्याळांवरून उचललेलं, आत कारागिरी शून्य, आणि बंद पडलं की कचरा.' घड्याळांची पारख असलेली माणसंही तो पुढे पाठवतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून त्यातलं एकेक विधान घेऊन उत्तर देतो. (क्वार्ट्झ म्हणजे बॅटरीच्या सेलवर चालणारं, स्फटिकाच्या कंपनांवरून वेळ मोजणारं घड्याळ.)

'स्वस्तात काढलेलं.' 25 डिसेंबर 1969 रोजी सेइको या जपानी कंपनीने टोकियोत ॲस्ट्रॉन विक्रीला आणलं. बाजारात आलेलं जगातलं हे पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ. केस, म्हणजे बाहेरची डबी, 18 कॅरेट सोन्याची, किंमत 4,50,000 येन. तेव्हा जपानमध्ये जवळपास तेवढ्याच पैशांत नवी टोयोटा कोरोला येत होती. क्वार्ट्झ स्वस्त झालं ते पुढे, उत्पादन वाढत गेलं तसं. आज टपरीवर मिळणाऱ्या घड्याळावरून सत्तरच्या दशकातल्या घड्याळाची किंमत ठरवणं हा सरळ अन्याय आहे.

'स्विसवरून उचललेलं.' आधी तंत्राचं बघू. स्वित्झर्लंडमध्येही याच शोधावर काम चालू होतं आणि 1967 पर्यंत दोन्हीकडे नमुने तयार होते. पण स्विस कंपन्यांनी मिळून बनवलेलं बीटा 21 हे मशीन बसवलेली घड्याळं आली 1970 मध्ये, ॲस्ट्रॉननंतर.

डिझाइनची गोष्ट मात्र सविस्तर सांगायलाच हवी. तारो तानाका हा शिकलेला डिझायनर 1959 मध्ये सेइकोत रुजू झाला. टोकियोच्या गिंझा भागातल्या वाको या दुकानात त्याने सेइकोची आणि स्विस घड्याळं शेजारी शेजारी मांडलेली पाहिली. स्विस घड्याळं लखलखत होती, सेइकोची निस्तेज दिसत होती. रत्नपारखी ज्याला 'पाणी' म्हणतो, तेच नेमकं कमी होतं. त्याने स्विस आकार उचलले नाहीत. 1962 मध्ये त्याने स्वतःचे नियम बांधले: केस, तबकडी, काटे आणि तासांच्या खुणा यांचे पृष्ठभाग सपाट आणि कोन नेमके हवेत, आरशासारख्या पॉलिशमध्ये प्रतिबिंब कुठेही वाकडं दिसता कामा नये, आणि साध्या गोल केसवर समाधान मानायचं नाही. हिऱ्याला पैलू पाडतात तसा विचार. 1967 च्या 44जीएस या चावीच्या घड्याळात तो पूर्णपणे उतरला आणि तिथून सेइकोच्याच सत्तरच्या दशकातल्या किंग क्वार्ट्झ आणि ग्रँड क्वार्ट्झमध्ये आला.

माझ्याकडे एक किंग क्वार्ट्झ आहे. खिडकीशी धरून मनगट जरासं कलतं केलं की तासाच्या खुणेची एक बाजू काळीभोर होते आणि दुसरी एकदम पांढरी पेटते. ती खूण तबकडीवर छापलेली रेघ नाही, पैलू पाडलेली धातूची कांडी आहे. केसच्या सपाट बाजूवर खिडकीचा गज अजून सरळ दिसतो. (असं घड्याळ हाती आलं तर कृपा करून बफ मारून, म्हणजे घासून पॉलिश करून, घेऊ नका. चरे राहिले तरी चालतील, कडा गोल झाल्या तर डिझाइनच गेलं.)

सगळीच मॉडेलं अशी नव्हती, हे कबूल. रोमन आकड्यांच्या काही चौकोनी मॉडेलांवर युरोपची छाप उघड दिसते. पण जपानकडूनही इतर शिकत होते: आपल्या घरांतली एचएमटीची चावीची घड्याळं सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्यातूनच उभी राहिली.

'कारागिरी शून्य.' क्वार्ट्झच्या स्फटिकाला वीज दिली की तो ठरावीक गतीने कंप पावतो, नेहमीच्या घड्याळात सेकंदाला 32,768 वेळा. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की उरतो एक, आणि त्या ठोक्यावर सेकंदकाटा पुढे सरकतो. पण थंडी-उन्हाने स्फटिकाची गती किंचित बदलते. त्यावर सिटिझनने 1975 मध्ये क्रिस्ट्रॉन 4 मेगा काढलं: फरक वर्षाला 3 सेकंद. सेइकोने 1978 मध्ये ट्विन क्वार्ट्झ आणलं, त्यात दुसरा स्फटिक तापमानाचा फरक भरून काढायला. त्याच वर्षी सिटिझनचं एक्सीड गोल्ड आलं, मशीनची जाडी 0.98 मिलिमीटर. शर्टाच्या कफाखाली सहज सरकणारं ड्रेस घड्याळ हवं असेल, तर ही जाडी हीच कारागिरी.

'बंद पडलं की कचरा.' यात थोडं तथ्य आहे. सर्किट जळलं तर कंपनीकडून नवं मिळणं कठीण, त्याच जातीचं दुसरं मशीन शोधावं लागतं. पण बहुतेक वेळा दोष वाळलेल्या तेलाचा किंवा गळलेल्या सेलचा असतो. चांगल्या जपानी मशीनच्या प्लेट धातूच्या, स्क्रूंनी जोडलेल्या असतात. घड्याळजी ते खोलून, धुऊन, तेल घालून परत बसवू शकतो. सेल उतरत आला की अनेक मॉडेलांत सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांची उडी घेऊ लागतो. तसं दिसलं की वाट पाहू नका, लगेच सेल बदला. आणि घड्याळ कपाटात ठेवणार असाल तर सेल काढूनच ठेवा.