शंभर टक्क्यांत कोण धरलं नाही, ते विचारा

मुलांसाठी शाळा कशी निवडावी यावरच्या लेखातलं ‘दहावीचा निकाल हाच शाळेचा खरा आरसा’ हे वाक्य अजिबात पटलं नाही. निकाल लागला की आमच्या सोलापुरात आसरा चौकापासून विजापूर रोडपर्यंत शंभर टक्क्यांचे फ्लेक्स लागतात. पण त्या शंभरात कोण नाही, ते विचारा की! माझ्या भाच्याला जुळे सोलापुरातल्या एका खासगी शाळेनं नववीतच सांगितलं, ‘याचा सतरा नंबरचा फॉर्म भरा’, म्हणजे दहावीला बाहेरून बसवा. पोरगं बाहेरून बसलं की शाळेच्या टक्केवारीत येत नाही, झालं काम. शिवाय प्रत्येक भाषेच्या १०० पैकी २० गुण शाळेच्याच हातात. एवढं करून शंभर टक्के नाही लागला तरच नवल.

शाळा बघायला जाल तेव्हा चौथीतल्या पोरांच्या वह्या मागा. सगळ्यांची उत्तरं शब्दन् शब्द सारखी असतील तर फळ्यावरून उतरवून घेतलीत, समजा. आपल्या पूर्व भागात घरी तेलुगू, अक्कलकोटकडं कन्नड आणि शाळेत एकदम इंग्रजी. अशा पोराला पुस्तकाबाहेरचा उतारा वाचायला दिला की पाच मिनिटांत कळतं. शिक्षण हक्काच्या (आरटीई) कायद्यात पाचवीपर्यंत ३० मुलांमागं एक शिक्षक सांगितलाय. वर्गात प्रत्यक्ष किती बसतात ते मोजा. आणि मागच्या वर्षीचे किती शिक्षक यंदा टिकलेत, हेही विचारा. आम्ही विचारलं तर आम्हाला स्विमिंग टँक दाखवायला नेलं!