‘माहीत नव्हतं’ एवढं जपून ठेवा

बिल्डर बंधूंनो, चर्चा तुमच्याही कानावर आली असेल. परवाना एकदा काढला की झालं, असं म्हणे चालणार नाही. तो टिकवायचा तर अधूनमधून शिकायला जावं लागेल. न्यूझीलंडमध्ये हे आहेच. तिथल्या परवानाधारक बिल्डरला दर दोन वर्षांनी आपण नवं काय शिकलो, याची नोंद दाखवावी लागते. आपल्याकडे महारेरानं, म्हणजे घरबांधणी-विक्रीवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणानं, १० जानेवारी २०२३ च्या आदेशानं हात घातला, पण देवाची कृपा, तो एजंटांना. त्यांनी वीस तास शिकायचं, वर परीक्षा द्यायची. म्हणजे फ्लॅट दाखवायला प्रमाणपत्र लागतं, त्या फ्लॅटचा स्लॅब टाकायला मिस्त्रीला काही लागत नाही. ही सोय अशीच राहावी म्हणून हे चार शब्द. बावीस वर्षं सोलापुरात बांधकामं करतोय, तेव्हा सल्ला द्यायचा हक्क मला आहे. प्रमाणपत्र मागू नका.

शिकायचा विषय निघाला की आधी अनुभव पुढे करा. माझ्याकडे एक मिस्त्री आहे, सगळे त्याला मामा म्हणतात. विजापूर रोडच्या साइटवर मामा फळीवरच्या खुंट्यांत आठ एमएमची सळई अडकवून कॉलमच्या रिंगा, म्हणजे उभ्या सळयांना आवळून धरणारी कडी, वळवत होता. चारी कोपरे अगदी काटकोनात, शेवटचा हुकही नव्वद अंशांत. ड्रॉइंगमध्ये हुक १३५ अंशांचा होता, म्हणजे टोक आत, काँक्रीटच्या पोटात गेलं पाहिजे. भूकंपात वरचं काँक्रीट फुटलं की नव्वदचा हुक उघडतो, रिंग सुटते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. तेरा हजार नऊशे वीस नंबरच्या आयएस कोडात, म्हणजे भारतीय मानकात, हे १९९३ पासून लिहिलंय.

मी म्हटलं, “मामा, हुक आत घ्या की.”

मामानं सळई वाकवायची चावी खाली ठेवली. “मालक, तीस वर्षं असाच वळवतोय. एक बिल्डिंग पडली का सांगा.”

आता यावर काय बोलणार? मामाला पैसे किलोवर मिळतात. हुक आत घ्यायचा तर दर रिंगेला एक जादा हिसका, आणि हिसक्याचं वजन काट्यावर येत नाही. ते पैसे मी द्यायला हवे होते. मी चहा सांगितला.

या वादात कुणी किल्लारी काढलं तर बिचकू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ते झालं; मामानं थापी हातात घेतली ती त्यानंतर. म्हणजे त्याच्या तीस वर्षांच्या अनुभवात भूकंप बसतच नाही, आणि जे अनुभवात नाही ते नसतंच. शिवाय तिथं पडली ती दगडमातीची घरं, आपलं आरसीसी. एवढ्यानं समोरचा गप्प बसतो. फक्त एक गोष्ट त्याला सांगू नका. त्या पहाटेपर्यंत भूकंपाच्या नकाशात किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होतं. २००२ मध्ये झोन एक नकाशातूनच काढून टाकला, आणि सोलापूर झोन तीनमध्ये दिसू लागलं. नकाशा काढणारे शिकले, ही त्यांची हौस.

प्रशिक्षणाविरुद्ध खऱ्या तक्रारीही आहेत, त्या मोठ्यानं करा. फी आपण भरायची. मिस्त्रीची दिवसाची हजेरी बुडते. होटगी रोडच्या कुठल्याशा हॉलमध्ये ज्यानं आयुष्यात घमेलं उचललं नाही तो माणूस इंग्रजी स्लाइड वाचून दाखवणार, आणि समोर बसलेल्यांत निम्मे घरी तेलुगू नाहीतर कन्नड बोलणारे. हे सगळं रास्त आहे. खऱ्या तक्रारीचा फायदा असा की तिच्या आडोशाला बाकीचं मावतं. मराठीत शिकवा, साइटवर येऊन शिकवा, हजेरी भरून द्या, असं मात्र चुकूनही सुचवू नका. कुणी ऐकलं तर?

जावंच लागलं तर मागच्या रांगेत, पंख्याखाली बसा. सकाळची सही, दुपारची सही. मधल्या वेळेत साइटवर चक्कर होते. क्युरिंगचा, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायचा, विषय सुरू झाला की फोन आल्यासारखं बाहेर पडा. तिथं सांगतात, साध्या सिमेंटला निदान सात दिवस पाणी मारा, मिश्र सिमेंट असेल किंवा हवा कोरडी-गरम असेल तर निदान दहा. आता मे महिन्यातल्या सोलापूरला कोरडं-गरम म्हणायचं की नाही, हे तुमच्या टँकरच्या बिलावर ठरतं. ज्या गावात नळाला काही दिवसांआड पाणी, तिथं माणसाच्या आधी कॉलमला पाजायचं? मन द्रवतं हो. तिसऱ्या दिवशी गोणपाट काढून घ्या.

खरी भीती मात्र फीची नाही की हजेरीचीही नाही. रेरा कायद्यात ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरनं स्वखर्चानं दुरुस्त करायचा, असं आहे. भेग पडली, सोसायटीवाले दारात आले, की आजवर आपण छातीवर हात ठेवून म्हणत आलो, “अहो, आम्हाला काय माहीत, मिस्त्रीनं केलं.” मिस्त्री म्हणतो, मालकानं सांगितलं. इंजिनिअर म्हणतो, मी ड्रॉइंग दिलं होतं. एकदा का तुमची सही प्रशिक्षणाच्या हजेरीपटावर पडली, की हे वाक्य गेलं. दुपारच्या सहीला पळून आला असलात तरी गेलं.

म्हणून म्हणतो, जपा. आणि एक राहिलं. जुळे सोलापुरात तुमचा स्वतःचा बंगला काढाल, तेव्हा यातलं काही लक्षात ठेवू नका. मी नाही ठेवलं. सळईखाली खडीचा तुकडा सरकवलेला दिसला तो काढायला लावला, सळई साच्यापासून अंतरावर ठेवणारे कव्हर ब्लॉक आणले. टँकर लावून स्लॅबवर आळी बांधली, चौदा दिवस पाणी साठवलं. रिंगांचे हुक आत घ्यायला लावले, किलोमागे वरचे पैसे दिले. मामानं एकही शब्द न बोलता पहिली रिंग वळवली, अगदी १३५ मध्ये, न मोजता. मग दुसरी घेता घेता विचारलं, “मालक, घरचं काम हाय व्हय?”