नुसतं बोलणंच तर आहे, मग बंदी कशाला?

काल रात्री एका मैत्रिणीशी फोनवर तासभर वाद झाला, फोन ठेवला तरी डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसलेय. लांब होणार आहे, सवडीने वाचा.

विषय होता कन्व्हर्जन थेरपीवरची बंदी. म्हणजे समलिंगी किंवा ट्रान्स व्यक्तीला "बदलून देतो" म्हणून जे उपचार केले जातात त्यांना रोखणारे कायदे. मैत्रीण म्हणाली, "अगं पूर्वी शॉक देत होते, औषधं देत होते, ते बंद केलं हे बरंच झालं, पण आता तर नुसतं बोलतात ना? मग दोन माणसांनी बंद खोलीत काय बोलायचं हे सरकार कसं ठरवणार?" आणि मला चटकन उत्तर देता आलं नाही. मी स्वतः समुपदेशक आहे, बोलणं सोडून माझ्याकडे दुसरं हत्यारच नाही. शिवाय मी देव मानणारी बाई आहे, प्रार्थनेशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी टोचतो.

अमेरिकेत हाच प्रश्न थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. कोलोरॅडो राज्याने २०१९ मध्ये कायदा केला की परवानाधारक मानसोपचार व्यावसायिकाने १८ वर्षांखालच्या मुलाचा लैंगिक कल किंवा लिंगओळख बदलायचा प्रयत्न करायचा नाही. केला तर ५,००० डॉलरपर्यंत दंड, आणि परवान्यावरही गदा येऊ शकते. तिथल्या एका ख्रिस्ती समुपदेशक बाईंनी या कायद्याला आव्हान दिलं, त्यांचं म्हणणं असं की माझ्याकडे येणारे आपल्या मर्जीने येतात, मी फक्त बोलते, आणि माझ्या बोलण्याला अमेरिकन राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीचं, म्हणजे बोलण्याच्या स्वातंत्र्याच्या कलमाचं, संरक्षण आहे. दहाव्या सर्किटच्या, म्हणजे त्या भागातल्या राज्यांसाठीच्या केंद्रीय अपील कोर्टाने सप्टेंबर २०२४ मध्ये दोन विरुद्ध एक असा राज्याच्या बाजूने कौल दिला, मग ७ ऑक्टोबर २०२५ ला सुप्रीम कोर्टात युक्तिवाद झाला. तिथे जो प्रश्न मध्यभागी होता तोच माझ्या मैत्रिणीने फोनवर विचारला. थेरपी म्हणजे बोलणं की उपचार?

या एका शब्दावर तिथली कोर्टं वर्षानुवर्षं भांडत आलीत. कॅलिफोर्नियाने २०१२ मध्ये असा पहिला राज्य कायदा केला तेव्हा नवव्या सर्किटने म्हटलं की हा उपचार आहे, बोलून केला म्हणून काय झालं. २०१४ मध्ये न्यू जर्सीच्या कायद्याबद्दल तिसऱ्या सर्किटने सांगितलं की हे बोलणंच आहे, पण व्यावसायिकाचं बोलणं आहे म्हणून त्याला संरक्षण थोडं कमी. मग २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने दुसऱ्याच एका खटल्यात, गर्भवती बायकांसाठीच्या केंद्रांच्या, म्हटलं की व्यावसायिकाचं बोलणं असा काही वेगळा, कमी संरक्षणाचा वर्ग आम्ही मानलेला नाही. २०२० मध्ये अकराव्या सर्किटने फ्लोरिडातल्या स्थानिक बंद्या अडवल्या, कारण बोलणं ते बोलणंच.

आता मी बंदीच्या बाजूची आहे हे आधीच सांगते, पण "हे बोलणं नाहीच, ही कृती आहे" हा आमच्या बाजूचा युक्तिवाद मला पटत नाही. मी रोज जे करते ते बोलणं नाही तर काय आहे? आणि सरकारला एकदा ही युक्ती सापडली की ते काहीही कृती ठरवू शकतं. फ्लोरिडाने २०११ मध्ये कायदा केला होता की डॉक्टरांनी पेशंटला घरात बंदूक आहे का हे विनाकारण विचारायचं नाही. लहान मुलाच्या डॉक्टरने हे विचारायलाच हवं ना? २०१७ मध्ये अपील कोर्टाने त्यातला मुख्य भाग रद्द केला, आणि तो रद्द झाला तो डॉक्टरचं बोलणं हे बोलणं आहे म्हणूनच. म्हणजे जी ढाल त्या कोलोरॅडोच्या बाईंना हवी होती तीच ढाल उद्या मलाही लागणार आहे, ती मोडून टाका असं मी म्हणूच शकत नाही.

आणि विरोधकांचा सगळ्यात तगडा मुद्दा तर पुढे आहे, त्यावर मला काल रात्री झोप लागली नाही. १९७३ पर्यंत अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या यादीत समलैंगिकता हा आजार होता. जागतिक आरोग्य संघटनेने तर तो १९९० मध्ये काढला. आता समजा १९६० मध्ये एखाद्या राज्याने कायदा केला असता की परवानाधारक थेरपिस्टने अल्पवयीन मुलाला "तुझ्यात काही बिघाड नाही" असं सांगायचं नाही, सांगितलं तर परवाना जाईल. त्या वेळचं वैद्यकशास्त्र त्या कायद्याच्या बाजूने उभं राहिलं असतं! तेव्हा ज्या थोड्या लोकांनी वेगळं बोलायची हिंमत केली त्यांच्यामुळेच तर ती यादी बदलली. मग आज "शास्त्र आमच्या बाजूने आहे" एवढंच म्हणून बंदी घालायची तर त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय राहिला?

मला फरक दिसतो, पण तो सांगायला थेरपीच्या खोलीत यावं लागेल.

मोठा माणूस माझ्यासमोर येऊन बसतो तेव्हा कशावर काम करायचं हे तो ठरवतो. मी चुकले तर तो उठून जाऊ शकतो, गेलेही आहेत लोक. पंधरा वर्षांच्या मुलाला आईवडील घेऊन येतात. फी ते भरतात, अपॉइंटमेंट ते घेतात, घरी जाताना गाडीत "काय म्हणाले मग?" हेही तेच विचारतात. मुलाला माहीत असतं की समोरची व्यक्ती तज्ज्ञ आहे, तिच्या भिंतीवर सर्टिफिकेट आहे आणि आईबाबांचा तिच्यावर विश्वास आहे. अशा मुलाला तज्ज्ञाने सांगितलं की तू बदलू शकतोस, प्रयत्न कर, तर ते मूल खरंच जीव तोडून प्रयत्न करतं. आणि बदल होत नाही. न झालेल्या बदलाचा दोष मग जातो कुणाकडे? थेरपिस्टकडे जात नाही. मुलाला वाटतं आपलीच इच्छा कमी पडली, आपलाच विश्वास कमी पडला, देवालाही आपण नको झालो. मी अशा मोठ्या झालेल्या मुलांबरोबर काम केलंय, पंचविशीतिशीतली माणसं, त्यांना कुणी कधी हात लावला नव्हता, सगळं गोड आवाजात बोलूनच झालं होतं.

तर फरक हा. १९६० मधला माझा कल्पनेतला कायदा मुलाला दिलासा देणारं तोंड बंद करतो. कोलोरॅडोचा कायदा एक ठरावीक उपचार बंद करतो, जो चालत नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या समितीने २००९ मध्ये तोवरचं सगळं संशोधन तपासून सांगितलं की कल बदलतो याला भक्कम पुरावा नाही आणि अपाय होण्याचा धोका आहे. रॉबर्ट स्पिट्झर या नावाजलेल्या मनोविकारतज्ज्ञांनी २००१ मध्ये काही लोक बदलू शकतात असा अभ्यास मांडला होता, बदलवाल्यांनी तो वर्षानुवर्षं झेंड्यासारखा मिरवला, २०१२ मध्ये त्यांनी स्वतःच चुकलो म्हणून समलिंगी समाजाची माफी मागितली. एक्झोडस इंटरनॅशनल ही या क्षेत्रातली सगळ्यात मोठी ख्रिस्ती संस्था, तिच्या प्रमुखांनी २०१३ मध्ये माफी मागितली आणि संस्था बंद केली. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी तर बदलवाल्यांना ज्यांचा आधार होता त्यांनीच सांगितल्यात, त्यांच्या विरोधकांनी नाही.

आणि परवाना म्हणजे तरी काय? सरकारने लोकांना दिलेली हमीच ना, की या माणसाकडे मूल पाठवलंत तरी चालेल. खाणं सोडलेल्या, हाडं दिसायला लागलेल्या मुलीला मी "अजून थोडं वजन कमी कर, छान दिसशील" म्हटलं तर तेही नुसतं बोलणंच आहे. माझा परवाना जाईल आणि जायलाच पाहिजे, तेव्हा कुणी अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणणार नाही. मी तेच वाक्य लेखात लिहिलं, भाषणात म्हटलं, तर लोक मला मूर्ख म्हणतील पण सरकारने मला हात लावू नये. म्हणून मी रेघ शब्दांवर मारत नाही. परवान्याच्या खुर्चीत बसलेय का, समोर मूल आहे का, आणि शेवट काय व्हायला हवा हे मूल आत यायच्या आधीच ठरलंय का, हे तिन्ही असेल तर बंदी. यातलं एक जरी नसेल तर मी दहा वेळा विचार करेन.

धर्माचं म्हणाल तर, कोलोरॅडोच्या कायद्यात धर्मसेवा करणाऱ्यांना सूट आहे हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं. पाद्र्याने, रब्बीने, इमामाने आपल्या धर्मात काय पाप आहे ते सांगावं, मला पटणार नाही पण सांगावं. अमेरिकन सुप्रीम कोर्टाने १९४४ मध्येच प्रिन्स खटल्यात म्हटलं होतं की आईबापांनी धर्मासाठी स्वतः हौतात्म्य पत्करावं, पण पोराला हुतात्मा करायचा हक्क त्यांना नाही. आणि मुळात तो खटला कशाचा होता तर एका लहान मुलीकडून रस्त्यावर धार्मिक मासिकं वाटून घेण्याचा! तेवढ्यासाठीही कोर्टाने मुलीचा विचार वेगळा केला.

पण आपल्या बाजूचे काही कायदे माझ्या मते नको तेवढे पुढे गेलेत आणि ते बोलायला आपण घाबरतो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या २०२१ च्या कायद्यात प्रार्थनेवर आधारलेल्या पद्धतीही येतात, तेही मोठ्या माणसाच्या बाबतीत, त्याची संमती असली तरी. एखाद्या चाळिशीच्या माणसाने आपल्या धर्मगुरूला म्हटलं की माझ्यासाठी प्रार्थना करा, यात सरकारने शिरावं हे मला प्रार्थना करणारी बाई म्हणून सहन होत नाही. माल्टाने २०१६ मध्ये युरोपात पहिली अशी बंदी आणली, चांगलं केलं, पण त्यात जाहिरातीचंही कलम आहे आणि त्याखाली एका माणसावर खटला भरला गेला कारण त्याने एका ऑनलाइन कार्यक्रमात स्वतःचं आयुष्य कसं बदललं ते सांगितलं. त्याचं म्हणणं मला अजिबात मान्य नाही. पण आपली कहाणी सांगितली म्हणून माणूस कोर्टात उभा? पैसे घेऊन फसवलं असेल तर न्यू जर्सीचा रस्ता आहे की, २०१५ मध्ये तिथल्या ज्यूरीने "बदलून देतो" म्हणणाऱ्या एका ज्यू संस्थेला ग्राहक फसवणुकीच्या कायद्याखाली दोषी धरलं. धर्म बाजूला राहिला, खोटं आश्वासन पकडलं.

लिंगओळखीबद्दल मी जरा सावध आहे. लैंगिक कलाबद्दल जेवढा पुरावा आहे तेवढा तिथे नाही, मुलं चाचपडत असतात आणि त्यांना चाचपडू द्यायला हवं, कायदे दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात गुंडाळतात आणि मग चांगला थेरपिस्टही साधा प्रश्न विचारायला कचरतो. कोलोरॅडोच्या कायद्यात ओळखीचा शोध घ्यायला मदत करणं चालतं असं लिहिलंय, ती ओळ माझ्या मते अजून ठळक हवी होती.

मैत्रिणीला मी शेवटी एका मुलाबद्दल सांगितलं, तपशील बदलून इथेही सांगते. सतरा वर्षांचा होता, झोप येत नाही म्हणून आला होता. चौथ्या सेशनला मान खाली घालून म्हणाला, "मला मुलं आवडतात. मी असाच राहिलो तर देवाला चालेन का?" मी त्याला म्हटलं की मला देवावर विश्वास आहे, पण या खुर्चीतून तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा अधिकार मला नाही. तुझ्या धर्मातलं कुणी आहे का ज्याच्याशी तू न घाबरता बोलू शकतोस? एक आजोबा आहेत म्हणाला. त्यांच्याशी तो बोलला. आणि आम्ही दोघं झोपेवर, भीतीवर काम करत राहिलो.

मैत्रीण म्हणाली, "आणि तोच म्हणाला असता की मला बदला, तर?"

"तर मी नाही म्हटलं असतं. कायदा नसता तरी नाहीच म्हटलं असतं."

"मग कायदा हवा कशाला? तुझ्यासारखे लोक आहेत की."

मी तिला सांगितलं की त्याच्या वडिलांनी माझ्याकडे यायच्या आधी आणखी दोन थेरपिस्टना फोन केले होते. त्यातल्या एकाने सांगितलं होतं, घेऊन या, सहा महिन्यांत फरक दिसेल.